यादीत नसलेली गोष्ट

वर्ष संपत आले की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वॉचनाइटची तयारी सुरू होते. ३१ डिसेंबरच्या रात्री लोक जमतात, साक्षी होतात, 'उपासना संगीत'मधली जुनी गीते म्हटली जातात आणि बाराच्या ठोक्याला सगळे डोळे मिटून प्रार्थनेत असतात. त्या प्रार्थनांमध्ये एक मागणे हमखास असते. प्रभू, मला घडव, तुझ्या मनाजोगते माणूस कर. म्हणणाऱ्याचा गळा पुष्कळदा दाटून येतो आणि तो खरोखरच दाटलेला असतो. मीही हे मागत आले आहे.

मागताना प्रत्येकाच्या मनात एक यादी असते. राग आवरत नाही, तो कमी व्हावा. पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचायचे ठरवते, ते जानेवारी सरायच्या आत बारगळते, त्यात सातत्य यावे. जीभ फार चालते. पैशाचा लोभ सुटत नाही. ही यादी प्रामाणिक असते. आपले दोष आपल्याला ठाऊक असतातच, नसले तर घरची माणसे रोज ऐकवतात.

पण शास्त्रात आणि ख्रिस्ती माणसांच्या चरित्रांत जसजशी बुडत गेले, तसतसे मला वेगळेच दिसू लागले. देव ज्याला घडवायला घेतो, त्याच्या यादीपासून क्वचितच सुरुवात करतो. तो बोट ठेवतो ते भलत्याच जागी. ती गोष्ट बहुधा अशी असते की तिला आपण दोष मानतच नाही. तिचा आपल्याला अभिमान असतो, लोकही तिच्यासाठी आपले कौतुक करतात. म्हणून तर इतर सगळीकडे वाकणारा माणूस नेमका तिथे हटून बसतो.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचेच घ्या. त्याने प्रभूला तीनदा नाकारले, कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला, हे संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असते. तुझ्यात काय सुधारायला हवे असे पेत्राला त्या दिवसांत विचारले असते, तर उतावळेपणा आणि भित्रेपणा हेच त्याने सांगितले असते. त्या जखमेवर प्रभूने तिबिर्याच्या समुद्राकाठी, पेटत्या कोळशांजवळ बसवून, स्वतःच्या हाताने मासळी आणि भाकर देऊन इलाजही केला. पण पेत्राच्या घडणीतला सर्वांत अवघड भाग त्यानंतर आला, आणि तो त्याच्या जेवणात दडलेला होता.

प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात पेत्र यापो गावी, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला आहे. दुपारची वेळ. त्याला कडकडून भूक लागलेली, घरात जेवण तयार होत होते. तो धाब्यावर प्रार्थनेला गेला आणि त्याला दर्शन झाले. आकाशातून चार कोपरे धरून सोडलेली एक मोठी चादर, आणि तिच्यात यहुद्याने कधी तोंडात घालू नयेत असे नाना तऱ्हेचे प्राणी. 'पेत्रा, ऊठ; मारून खा,' अशी वाणी झाली. पेत्र म्हणाला, प्रभो, नको. निषिद्ध आणि अशुद्ध असे मी आजवर कधी काही खाल्लेले नाही.

या उत्तरात भीती नाही की लबाडी नाही. जन्मभर पाळलेल्या नेमाचा सात्त्विक अभिमान आहे. अंतियोख राजाच्या छळात निषिद्ध मांस तोंडात घालण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आणि आयाबायांच्या गोष्टी यहुदी घरांत सांगितल्या जात. पेत्र त्या ऐकतच वाढला असणार. देवापुढे उभे राहून दाखवावे असे त्याच्यापाशी जे काही होते, त्यात हे व्रत फार वरचे होते. आणि देव म्हणत होता, तेच खाली ठेव. कारण खाली कर्नेल्याकडची माणसे दाराशी येऊन उभी राहणार होती. कर्नेल्य रोमी शताधिपती, परक्या जातीचा. त्याच्या घरी जाऊन राहायचे, त्याच्या पंक्तीला बसायचे, तर पेत्राचा सद्गुणच आड येत होता.

पेत्र गेला. मंडळीच्या इतिहासातले केवढे मोठे दार त्या दिवशी उघडले! पण पुढची गोष्ट आपल्या उपदेशांत सहसा येत नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल सांगतो की अंत्युखिया शहरात पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची काही नेमनिष्ठ यहुदी माणसे आली, तेव्हा तो हळूच मागे सरला आणि निराळा राहू लागला. त्याचे पाहून पौलाचा सोबती बर्णबाही वाहवला. पौलाला ते सहन झाले नाही, त्याने सर्वांसमक्ष पेत्राला तोंडावर सुनावले. आता हा पेत्र काही कोवळा शिष्य नव्हता. पेन्टेकॉस्टच्या दिवशी उतरलेला पवित्र आत्म्याचा अग्नी त्याने अनुभवला होता, चादरीचे दर्शनही त्यालाच झाले होते. तरी जुना अभिमान त्याच्या अंगात जिवंत होता, चार ओळखीची माणसे दिसताच त्याने डोके वर काढले. मला या प्रसंगाने नेहमी धीर दिला आहे. देवाचे काम एका दर्शनात आटपत नाही. ते पुढे नेण्यासाठी कधी कधी पौलासारखा रोखठोक सोबती लागतो, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणारा पेत्रही लागतो.

पेत्राची ही गोष्ट मला पॅलेस्टाइनइतकीच आमच्या नगर जिल्ह्याची वाटते, ती लक्ष्मीबाई टिळकांमुळे. त्यांचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही. लक्ष्मीबाई त्या घरात वाढल्या. सोवळे ही त्यांच्या दृष्टीने बळजबरी नव्हती, चांगल्या घरच्या बाईचे ते लक्षण होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळले असेल, याची कल्पना आज पुरती येणार नाही. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. लहान मूल पदरात, आणि नातेवाइकांच्या आधाराने काढलेले दिवस.

पुढे त्या टिळकांजवळ येऊन राहिल्या, पण सोवळे बरोबर घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांचा राग प्रसिद्ध होता, पण या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. आणि मग एके दिवशी लक्ष्मीबाई एकट्याच बसून विचार करू लागल्या की जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसामाणसांत काही खूण दिसली असती. ती तर कुठे दिसत नाही. त्या निश्चयाने उठल्या आणि यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवून टाकले. समोर कोणी मिशनरी नव्हता, उपदेश चालू नव्हता. बाप्तिस्माही झाला नव्हता. तो पुढे १९०० साली राहुरीला झाला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे ज्या सहजतेने लिहिले आहे, ते वाचताना मला हात जोडावेसे वाटतात. पुढे याच बाईने अनाथ मुले आपली म्हणून वाढवली आणि नगरच्या प्लेगात आजाऱ्यांची शुश्रूषा केली. हात लावल्यावर विटाळ मोजणारे मन मोडून देवाने त्याच हातांना काम दिले होते.

देव लक्ष्मीबाईंना घडवत होता तेव्हा त्याने त्यांचा विनोद काढून घेतला नाही, तडफ काढून घेतली नाही, नाशिककडची ठसकेबाज भाषाही काढून घेतली नाही. टिळकांनाही तुकोबा सोडावे लागले नाहीत. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते उघड सांगत. आपल्याकडे कित्येक जण घडवणे म्हणजे सपाट करणे असे धरून चालतात. माणूस जरा हसरा असला की 'आध्यात्मिक नाही' म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. देवाला जे मोडायचे असते ते फार नेमके असते. बाकीचे तो वापरतो.

पंडिता रमाबाईंकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट दिसते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी लहानपणीच भागवताचे श्लोक मुखोद्गत म्हणायची. दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर ती देशभर पायी फिरली, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला, तोही वाद घालत, प्रश्न विचारत, धर्मगुरूंचे सगळे मुकाट्याने न मानता. तो करारीपणा शेवटपर्यंत राहिला. देवाने हात घातला तो विद्वत्तेला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळून चुकले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मिळायचा राहिला. आपल्या साक्षीत त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढ्या अभ्यासू बाईने ते जगाला सांगावे, ही मला त्यांच्या सगळ्या पदव्यांहून मोठी गोष्ट वाटते.

मग १८९६च्या सुमाराचा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, छळलेल्या मुली घेऊन पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आल्या. त्यांतून मुक्ती मिशन उभे राहिले. त्या मुलींना संस्कृतप्रचुर मराठी कुठून कळणार? म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून बायबलचे भाषांतर करायला बसल्या, तेही शेतावर राबणाऱ्या बाईला कळेल अशा मराठीत. अनेक वर्षे ते चालले होते. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्याच बायकामुली करत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. कलकत्त्याच्या पंडितांपुढे संस्कृतात बोलणारी सरस्वती, आणि केडगावच्या कोपऱ्यात बसून कुणब्याच्या लेकीसाठी सोपा शब्द शोधणारी रमाबाई. विद्वत्ता तीच होती, पण आता ती कुणाच्या तरी पायाशी बसली होती.

सगळ्यांच्याच बाबतीत हे इतक्या वेळेवर घडते असे नाही. इंग्लंडातल्या जॉन न्यूटनचे उदाहरण मला अस्वस्थ करते. मार्च १७४८ मध्ये अटलांटिकवरच्या वादळात त्याने देवाचा धावा केला आणि तिथून तो आपला पालट मोजत असे. पण त्यानंतरही तो गुलामांच्या व्यापारात राहिला, कप्तान झाला, १७५४ साली प्रकृतीने दगा दिला तेव्हा कुठे समुद्र सुटला. जहाजावर रविवारी तो खलाशांची उपासना घेत असे, आणि खाली तळघरात आफ्रिकी माणसे साखळदंडात असत. त्या काळी तो प्रतिष्ठित धंदा समजला जाई, म्हणून त्याचे मन त्याला खात नव्हते. शिवीगाळ सुटली, प्रार्थना वाढली. यादी पुरी झाली होती. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी. ज्या धंद्याच्या आठवणीने आता काळीज थरथरते, त्यात आपण एकेकाळी स्वतः वावरलो याची लाज आपल्याला कायम वाटत राहील, असे त्यात त्याने कबूल केले आहे. मधल्या चाळीस वर्षांत किती जहाजे गेली असतील, याचा विचार केला की 'देव त्याच्या वेळी करील' असे निवांतपणे म्हणवत नाही. आपण बोट झिडकारतो तेवढा वेळ दुसरे कुणी तरी त्याची किंमत मोजत असते.

ही सगळी मोठी माणसे झाली. मला मात्र हे काम अगदी हातभर अंतरावरून पाहायला मिळाले ते आमच्या मोठ्या वहिनींमध्ये.

वहिनींची ख्याती स्पष्टवक्तेपणाची. खोटे बोलायचे नाही, गुळमुळीत बोलायचे नाही, पाळकसाहेब असोत की सासरे, जे आहे ते तोंडावर. महिला मंडळाचा हिशेब म्हणून तर वर्षानुवर्षे त्यांच्याकडे. 'तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही एवढेच असावे' हे वचन त्यांनी मनावर घेतले होते आणि आम्हाला सगळ्यांना त्यांचा अभिमान होता, आहे.

आईची स्मृती जाऊ लागली तेव्हा ती दादा-वहिनींकडेच होती. दिवेलागणीला ती बेचैन व्हायची. पलंगाच्या कडेला बसून पदर सारखा करायची आणि विचारायची, "बाबा अजून आले नाहीत?" बाबांना जाऊन बरीच वर्षे झालेली. वहिनी समोर भाजी निवडत बसलेल्या असायच्या. त्या हात न थांबवता सांगायच्या, "आई, बाबा वारले ना. तुम्हीच होता की जवळ." आई त्यांच्याकडे बघत राहायची. मग तिचा चेहरा असा काही उतरायचा की बघवायचे नाही. "मला कुणी सांगितलं नाही गं," म्हणून रडायची. रडून शांत व्हायची, विसरायची, आणि पुन्हा तेच विचारायची. एका संध्याकाळी ती अशी कितीदा विधवा व्हायची, देव जाणे.

दादा म्हणायचा, "सांग ना, कामाला गेलेत म्हणून. काय बिघडतं?" वहिनी ऐकायच्या नाहीत. "मी खोटं बोलणार नाही. म्हाताऱ्या माणसाशी तर नाहीच नाही." त्यावरून घरात कुरबुर व्हायची. मला दोघांचेही पटायचे आणि मी गप्प बसायचे.

एका संध्याकाळी मी तिथे होते. गवारीच्या शेंगा मोडायचे काम चालले होते. आईने विचारले, "बाबा अजून आले नाहीत?" वहिनींनी तोंड उघडले आणि त्या थांबल्या. ताट बाजूला सारून, हात पदराला पुसून त्या पलंगावर आईशेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "आई, बाबा घरी आले की आधी काय मागायचे हो?"

आई क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "चहा. आल्याचा. बशीत ओतून प्यायचे. कपाला तोंड लावायचेच नाहीत." आणि मग ती बोलत सुटली. बाबांची सायकल, पावसात भिजून आलेले बाबा, एकदा कुणाला तरी देऊन आलेली नवी छत्री. सगळे अगदी स्वच्छ आठवत होते. बोलताना ती हसत होती. बाबा आले नाहीत हे ती विसरली. त्या दिवशी ती रडली नाही.

नंतर ओट्यापाशी उभ्या राहून वहिनी मला म्हणाल्या, "मी खरं सांगायचे आणि मोकळी व्हायचे. त्यांचं पुढे काय होतं ते त्यांनाच निस्तरावं लागायचं." एवढेच. त्यावर त्यांनी कुठे साक्ष दिली नाही, मंडळात सांगितले नाही.

प्रीतीने सत्याला धरून वाढत जावे, असे पौल इफिसकरांना लिहितो. हे वचन मी कितीदा तरी ऐकले होते, पण ते चालताना पाहिले ते त्या स्वयंपाकघरात. वहिनी त्या दिवशी खोटे बोलल्या नाहीत. सत्य होते तिथेच होते, फक्त आता त्याच्या शेजारी बसायला कुणी तरी आले होते. आणि हे त्यांच्या यादीत नव्हते. त्यांनी देवाकडे मागितला असेल तो धीर. देवाने मात्र हात घातला तो ज्या गुणासाठी गावभर त्यांचे नाव होते त्याला, आणि तो मोडून न टाकता पुन्हा घडवला. आजही त्या स्पष्टच बोलतात. पण बोलून झाल्यावर त्या उठून जात नाहीत.

संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते, असे रोमकरांस पत्रात आहे. यात पहिली पायरी आपल्या हातात नसते. संकट आपण निवडत नाही. कोणाची सासू विसरभोळी होईल, कोणाच्या दाराशी कर्नेल्याची माणसे येतील, कोणाच्या पदरात दुष्काळातली मुले पडतील, हे देव ठरवतो. आपल्याकडे राहते ते एवढेच की त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचे की नाही. आत्म्याच्या फळांत जी नावे येतात, प्रीती, सहनशीलता, ममता, सौम्यता, त्यांतले बहुतेक सगळे माणसाशिवाय उगवूच शकत नाही. डोंगरावर एकटा बसून कोणी सहनशील होत नाही.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण हा विषय फार ठिकाणी फार वाईट रीतीने वापरला जातो. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी परत जाणाऱ्या बाईला 'बाई गं, सोस, देव तुला घडवतोय' असे सांगताना मी ऐकले आहे. हे सांगणारी माणसे चांगली असतात, प्रार्थनाशील असतात, आणि तरीही हे बोलणे चूक आहे. यिर्मया संदेष्ट्याला देवाने कुंभाराच्या घरी पाठवले तेव्हा माती कुंभाराच्या हातात होती, दुसऱ्या कोणाच्या नाही. नवऱ्याचा उगारलेला हात म्हणजे कुंभाराचा हात नव्हे. अशा घरात देवाला कोणाला घडवायचे असेल तर तो त्या पुरुषाला, आणि डोळेझाक करणाऱ्या त्याच्या घरच्यांना, आणि गप्प बसणाऱ्या मंडळीला. त्या बाईने पोलिसांत जाणे, माहेरी येणे, मुलांना घेऊन वेगळे राहणे यात देवाच्या हातातून निसटण्यासारखे काही नाही.

आणि यिर्मयाचा तो अठरावा अध्याय आपण सदैव एकेकट्याला लावतो. चाकावरचे भांडे बिघडले, कुंभाराने त्याच मातीचे दुसरे केले, म्हणून हे माझे, हे तुझे. पण तिथे देव बोलतो ते इस्राएलाच्या घराण्याशी. आख्खे राष्ट्र ती माती आहे. लगेच पुढच्या अध्यायात यिर्मया भाजलेले मडके घेऊन जातो आणि लोकांदेखत फोडतो, कारण भाजलेल्याला नवा आकार देता येत नाही. ओल्या मातीचा अध्याय आणि खापराचा अध्याय असे पाठोपाठ ठेवले आहेत. एखादी आख्खी मंडळीही भाजून कडक होऊ शकते, हे मला त्यातून ऐकू येते.

आमच्या मंडळीची यादी दर वर्षी तीच असते. तरुण येत नाहीत, वर्गणी कमी पडते, गायनमंडळ विस्कळीत झाले. यादीत कधीच नसलेली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. प्रभुभोजनाला आम्ही एकाच भाकरीतून खातो आणि सोयरीक जमवायची वेळ आली की हळूच विचारतो, 'मूळचे कोण?' आजोबा-पणजोबा कोणत्या वस्तीतून आले, कोणत्या जातीतून बाप्तिस्मा घेतला, हे अजून मोजले जाते. शिकलेली, देवभीरू, सज्जन घरे मोजतात. आपल्या घराण्याचे वळण जपतो, असे ते म्हणतात. लक्ष्मीबाई बाप्तिस्म्याच्या आधी एकट्या बसून ज्या प्रश्नाचे उत्तर काढून मोकळ्या झाल्या, त्याच प्रश्नाभोवती आम्ही पिढ्यान्पिढ्या बाप्तिस्मे घेऊनही घुटमळतो आहोत. अंत्युखियाला पेत्र मागे सरला तो याच जागी, आणि पौल ज्या आवाजात बोलला त्या आवाजाची आम्हाला आज फार गरज आहे.

हे नुसते लिहायला म्हणून लिहीत नाही. हा प्रश्न सध्या आमच्याच घरात आहे. भाचीने, म्हणजे दादा-वहिनींच्या धाकटीने, आपल्याच मंडळीतला मुलगा पसंत केला आहे. मुलगा गुणी आहे, शब्बाथशाळेत लहान मुलांना शिकवतो. दोन्हीकडच्या काही वडीलधाऱ्यांची कपाळे आठ्यांनी भरली आहेत. कारण कोणी मोठ्याने सांगत नाही, 'जरा विचार करा' एवढेच म्हणतात. दादाही काही दिवस गप्पच होता. आमच्या काकांनी फोनवर 'आपल्यातली स्थळं काय संपली?' असे विचारले, तेव्हा वहिनींनी त्यांना "आपल्यातलं म्हणजे कुठलं, काका?" असे विचारले, आणि ते उत्तर देईपर्यंत फोन धरून थांबून राहिल्या. काकांनी उत्तर दिले नाही, पण फोनही ठेवला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, बघू.

होकार अजून कोणाचाच पक्का नाही. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर दोन्ही घरची माणसे दादाकडे जेवायला येणार आहेत, काकाही येतो म्हणाले आहेत. मुलाची आई भाकरी करून आणणार आहे. मटण माझ्याकडे आहे, आणि एवढ्या माणसांना पुरेल असे पातेले मंडळीतून आणायला सांगितले आहे.